नकाशाची परीक्षा (लेखांक ७) : यवतमाळ समुद्रात कसे गेले

गेल्या आठवड्यात कबूल केल्याप्रमाणे आज डेटाबेसच्या प्रकरणाला हात घालावयाचा होता. परंतु अमरावतीहून एका वाचकाचे जे पत्र आले आहे त्याने तो बेत मोडला, आणि खरे सांगावयाचे तर तो मोडल्याचे मला फारसे दुःखही झाले नाही. जीआयएसपी या अमेरिकेतील प्रमाणपत्राच्या तयारीस लागलेले हे गृहस्थ विचारतात की, प्रक्षेपणांची नावे आणि गुणधर्म मुखोद्गत केले म्हणजे त्या प्रकरणाचा निकाल लागला असे समजावे काय.

समजू नये. २००४ पासून केवळ शिक्षण व अनुभव यांच्या दाखल्यांवर मिळणाऱ्या या प्रमाणपत्रास २०१५ साली परीक्षेची जोड मिळाली, आणि ज्याने पुस्तके वाचली पण नकाशा कधी बिघडवला नाही अशा उमेदवाराची या प्रकरणात हटकून दांडी उडते. मी तो बिघडवला आहे, म्हणून अधिकाराने सांगतो.

पत्रलेखकांचे अमरावती ७८ अंश रेखावृत्ताच्या किंचित पश्चिमेस आहे, आणि यवतमाळ किंचित पूर्वेस. यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे साठ पट्टे पाडतात, त्यांतील ४३वा याच रेखावृत्तावर संपतो व ४४वा तेथेच सुरू होतो. तेव्हा ही दोन शेजारची गावे गणिताच्या दफ्तरात मात्र निरनिराळ्या वहीत नोंदलेली आहेत. प्रत्येक पट्ट्याच्या मध्यरेषेला पाच लक्ष मीटर हा आकडा बहाल केलेला असल्यामुळे पूर्वेकडील अंतराचे तेच ते आकडे साठही पट्ट्यांत पुन्हा पुन्हा येतात, आणि पट्टा सांगितल्यावाचून त्यांना काडीचाही अर्थ नसतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी यवतमाळकडील रस्त्यांची एक शेपफाइल माझ्या हाती आली. आकडे कोणत्या पट्ट्यातले हे सांगणारी तिच्यासोबतची पीआरजे फाइल गहाळ होती. बाकीचे सारे काम ४३व्या पट्ट्यात चाललेले, म्हणून ‘डिफाइन प्रोजेक्शन’ उघडून मी तीवरही ४३चा शिक्का मारला. यवतमाळचा आकडा सुमारे दोन लक्ष मीटर, म्हणजे मध्यरेषेच्या पश्चिमेस तीनशे किलोमीटर. ४४व्या पट्ट्याची मध्यरेषा ८१ अंशांवर, ४३व्याची ७५वर. सबंध रस्ते बरोबर सहा अंश पश्चिमेस सरकून दमणच्याही पलीकडे अरबी समुद्रात जाऊन पडले, आणि आमचे वृद्ध आरेखक साहेब चष्मा वर करून एवढेच म्हणाले, “होडीची सोय करा.”

चूक कोठे झाली? ‘डिफाइन’ हे केवळ आकड्यांवर चिठ्ठी चिकटविते; आकडे बदलते ते ‘प्रोजेक्ट’. फुटांत घेतलेल्या मोजणीपुढे ‘मीटर’ असे लिहिल्याने शेत वाढत नाही, फक्त टिपण खोटे ठरते. आधी ४४ची खरी चिठ्ठी लावावी आणि मगच ४३मध्ये रूपांतर करावे, हा क्रम ज्याच्या बोटांत मुरला त्याला या विषयावरील प्रश्न कितीही फिरवून विचारा, तो फसावयाचा नाही.

पत्राच्या तळटिपेत आणखी एक तक्रार आहे: संकेतस्थळावरील पार्श्वनकाशावर स्वतःचे एक एकर शेत रेखून सॉफ्टवेअरला सपाट प्रतलावर क्षेत्र मोजावयास लावले, तर चाळिसाऐवजी सेहेचाळीस गुंठे भरतात. यात मोजणीदाराचा काही दोष नाही आणि शेजाऱ्याचा बांधही आपण कोरलेला नाही. असे पार्श्वनकाशे ज्या प्रक्षेपणात असतात त्या वेब मर्केटरमध्ये विषुववृत्तापासून दूर जावे तसतसे क्षेत्र फुगत जाते; अमरावतीच्या अक्षांशावर ही फूग शेकडा पंधराच्या घरात असल्याने चाळिसाचे सुमारे सेहेचाळीस होतात. तेच शेत त्यांनी ४३व्या पट्ट्यात रूपांतरित करून पुन्हा मोजावे, आणि ते सहा गुंठे गेल्याबद्दल तलाठ्याकडे अर्ज करू नये.

एव्हरेस्टचा १८३०चा गोलाभ आणि डब्ल्यूजीएस ८४ यांच्यातील तंटा याच ओघात यावयास हवा होता. पण त्या जुन्या गोलाभाशी जोडलेले कल्याणपूरचे मूलस्थान दोन ओळींत उरकणे मला जमणार नाही. पुढील लेखांक त्यालाच देतो. डेटाबेसवाल्यांनी आणखी एक आठवडा धीर धरावा.