लिव्हर फिरला, रीळ फिरले का?

१९९४ साली धाकट्या बहिणीच्या लग्नात मी पेन्टॅक्स के-१००० गळ्यात अडकवून ऐटीत फिरत होतो. छत्तिसावा फोटो निघाला, सदतिसावाही निघाला, आणि पोटात गोळा आला. रीळ जागचे हललेच नव्हते! मंगलाष्टकांचा एकही फोटो नाही. कॅमेरा बिचारा निर्दोष. फिल्मचे टोक गुंडाळणाऱ्या दांडीच्या खाचेत मीच नीट खोचले नव्हते. आकडे दाखवणारी तबकडी लिव्हरबरोबर पुढे सरकते, फिल्म सरको न सरको.

झाकण लावले की डावीकडची मूठ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून फिल्म ताणून घ्यावी. मग लिव्हर ओढताना ती मूठ उलटी फिरली, तर समजा फिल्म चालली. एवढेच बघायचे होते हो!

लिव्हर मध्येच अडला तर मात्र जोर लावू नये. बहुधा रीळ संपलेले असते, आणि ओढाताणीत फिल्मच्या कडेची भोके फाटतात. तळाचे बटण दाबून ती परत गुंडाळावी. रिकाम्या कॅमेऱ्यातही लिव्हर अडत असेल, तर कारागीर गाठावा. शिलाई मशीनचे तेल सोडू नये.

बहिणीच्या अल्बमची सुरुवात आजही जेवणाच्या पंगतीपासून होते.