वाहनातील ऑक्सिजन सेन्सर बसविताना घ्यावयाची काळजी

शेतमाल बाजारपेठेत पोहोचविण्यासाठी पेट्रोलवर चालणारे छोटे टेम्पो व मोटारसायकली आता गावोगावी वापरात आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ ही मानके लागू झाली. या मानकांच्या पेट्रोल वाहनांत धूर वाहून नेणाऱ्या नळीवर ऑक्सिजन सेन्सर बसविलेला असतो.

एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. जळालेल्या वायूत प्राणवायू किती उरला, हे सेन्सर ओळखतो. नेहमीच्या प्रकारचा सेन्सर पेट्रोल जास्त असल्यास सुमारे ०.९ व्होल्ट, तर हवा जास्त असल्यास सुमारे ०.१ व्होल्टचा संकेत देतो. त्यानुसार नियंत्रक यंत्र पेट्रोलचे प्रमाण कमीअधिक करते. सेन्सर बिघडल्यास पेट्रोल वाया जाऊ शकते. शिवाय न जळलेल्या पेट्रोलामुळे धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर अतिशय तापून निकामी होण्याचा संभव असतो, आणि त्याची किंमत पुष्कळच अधिक असते.

सूचक दिवा लागताच सेन्सर बदलण्याची घाई करू नये. सेन्सरच्या अलीकडे नळीस चीर असल्यास बाहेरची हवा आत शिरते व चांगला सेन्सरही चुकीचा संकेत देतो. म्हणून नळी, सांधे व वायर प्रथम तपासावेत.

बदलणे आवश्यकच ठरल्यास पुढीलप्रमाणे काम करावे :

१. इंजिन बंद करून नळी निवू द्यावी व बॅटरीची ऋण तार सोडवावी.

२. जोडणी सोडवून योग्य मापाच्या पान्याने जुना सेन्सर काढावा. आटे गंजले असल्यास गंज सोडविणारे तेल लावून थोडा वेळ थांबावे. जोर करू नये.

३. नवा सेन्सर त्याच वाहनासाठी ठरविलेला असावा. त्याच्या टोकास तेल, ग्रीस वा सिलिकॉन लागू देऊ नये. खाली पडलेला सेन्सर वापरू नये.

४. प्रथम हाताने आटे बसवावेत, नंतर वाहनाच्या पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच आवळावेत. वायर तापलेल्या नळीपासून दूर बांधावी.

शेवटी इंजिन सुरू करून सांध्यातून धूर गळत नाही, याची खात्री करावी. ग्रामसेवकांनी ही माहिती वाहनधारक शेतकऱ्यांना आवर्जून समजावून सांगावी. नळीची चीर वेळीच सांधली, तर नव्या सेन्सरचा खर्चही वाचू शकतो.