शिक्का नको, शेपूट बघा

‘पीएम-किसानचा हप्ता अडकलाय, आजच केवायसी करा’ अशी मेल भोर-वेल्ह्यातल्या शेतकऱ्याला आली, की वरची राजमुद्रा पाहून विश्वास बसतो. पण राजमुद्रा कुणालाही चिकटवता येते. खरं बोलतं ते पत्त्याचं शेपूट. सरकारी पत्ते सहसा ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’वर संपतात. नाव ‘पीएमकिसान’ आणि शेवट ‘डॉट कॉम’ असेल, तर मेल ‘स्पॅम’मध्ये टाका, मेलसेवेची स्पॅम ओळखणारी चाळणी त्यातूनच शिकते. कुणी म्हणेल, पाठवणाऱ्याचा पत्ताही खोटा दाखवता येतो. खरंय. म्हणूनच शेपूट बरोबर दिसलं तरी लिंकला हात न लावता संकेतस्थळ स्वतः उघडावं. वर्षाला २,००० रुपयांचे तीन हप्ते. दिवसभराच्या चौकशीने ते बुडत नाहीत, घाईने मात्र खातं रिकामं होतं. तसं झालंच, तर लगेच सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक १९३० फिरवा.