दुखणं अंगावर काढू नका

 

आजचा विषय जरा जड आहे, पण तो आमच्या मनात आला तो एका मावशींच्या प्रश्नामुळे. गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले, चहा झाला, आणि मावशी हळूच म्हणाल्या, "कोरोनात आमचे मालक आणि शेजारचे भाऊ एकाच आठवड्यात आयसीयूत होते. ते घरी आले. आमचे का नाही आले? आमचं काही चुकलं का?"

बैठकीत कुणालाच बोलता येईना. असा प्रश्न मनात धरून बसलेल्या बाया गावोगावी आहेत, म्हणून आज त्यावरच बोलू.

आधी आयसीयू म्हणजे काय ते समजून घेऊ. मराठीत त्याला अतिदक्षता विभाग म्हणतात. आपल्या फुप्फुसांत द्राक्षांच्या घडासारख्या बारीक बारीक पिशव्या असतात. श्वासातला ऑक्सिजन तिथूनच रक्तात जातो. कोरोनाने या पिशव्या सुजल्या, त्यांत पाणी भरलं, की ऑक्सिजन रक्तात पोचत नाही. मग नळीने ऑक्सिजन देतात, तोही पुरेना तर व्हेंटिलेटर लावतात. व्हेंटिलेटर कोरोना बरा करत नाही. फुप्फुसं सावरेपर्यंत तो श्वासाचं ओझं उचलतो आणि शरीराला वेळ मिळवून देतो. त्या वेळात शरीर किती तग धरतं, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

मग कुणाचं शरीर कमी तग धरतं? इटलीत लोम्बार्डी नावाचा प्रांत आहे. २०२० च्या सुरुवातीला कोरोनाचा मोठा तडाखा तिथे बसला. तिथल्या डॉक्टरांनी आयसीयूतल्या ३,९८८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांतले जवळपास निम्मे आयसीयूतच दगावले होते. दर पाच रुग्णांत चार पुरुष होते. दगावणाऱ्यांमध्ये काही गोष्टी जास्त आढळल्या: वाढलेलं वय, मधुमेह, रक्तातली जास्त चरबी आणि फुप्फुसाचा जुना आजार. आणखी एक गोष्ट म्हणजे, आयसीयूत येतानाच ज्यांना फार जास्त ऑक्सिजन लागत होता, त्यांना धोका अधिक होता.

यातल्या काही गोष्टी आपल्या हातात नाहीत. वय कुणाला थांबवता येत नाही. पण बाकीच्या गोष्टी माणूस दवाखान्यात जाताना घरूनच सोबत नेतो.

साखरेचं बघा. रक्तात साखर सतत वाढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी ढिल्या पडतात आणि रक्तवाहिन्या खराब होतात. वाढलेलं बीपी वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर हृदय आणि मूत्रपिंड थकतात. म्हणजे आजार येण्याआधीच घराचे खांब आतून पोखरलेले असतात. वादळ दोन्ही घरांवर सारखंच येतं, पण पोखरलेलं घर आधी बसतं.

फुप्फुसाचा जुना आजार फक्त विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांनाच होतो असं समजू नका. चुलीच्या धुरात वर्षानुवर्षं भाकऱ्या थापणाऱ्या बाईलाही तो होतो. आपल्या सोलापुरात हजारो बाया विड्या वळतात. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायांची दहा हजार घरांची वसाहत आहे. तंबाखूची धूळ रोज नाकातोंडात जाते, खोकला होतो, आणि आपण म्हणतो, "धंद्याचा खोकला आहे, चालायचंच." तो खोकला डॉक्टरांना एकदा दाखवायलाच हवा. गरोदर बाईलाही कोरोनात आयसीयू लागण्याचा धोका इतर बायांपेक्षा जास्त होता, हेही ध्यानात ठेवा.

आता उशिराबद्दल. सोलापुरात पहिला कोरोना रुग्ण एप्रिल २०२० मध्ये सापडला, आणि त्याचा अहवाल आला तेव्हा तो माणूस गेलेला होता. त्यानंतरचे काही महिने सोलापूर शहरात मृत्यूचं प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त राहिलं. बरेच रुग्ण फार उशिरा दवाखान्यात पोचत होते. लोकांना क्वारंटाईनची भीती होती, शेजारी काय म्हणतील याची लाज होती, रोजगार बुडण्याची काळजी होती. ताप अंगावर काढला जात होता.

त्यात कोरोनाची एक फसवी गोष्ट होती. रक्तातला ऑक्सिजन उतरत असे, पण माणसाला दम लागल्यासारखं वाटतच नसे. तो बोलत असे, जेवत असे, आणि घरच्यांना वाटे की बरा आहे. म्हणून बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कामाला आलं. त्यात ९५ किंवा वर आकडा ठीक समजायचा. ९४ च्या खाली गेला की डॉक्टर गाठायचा. ९० च्या खाली म्हणजे क्षणाचाही उशीर नको. नखाला रंग किंवा मेंदी असेल तर आकडा चुकू शकतो, तेव्हा दुसरं बोट बघा.

यंत्र नसेल तर घड्याळ घ्या. माणूस शांत बसलेला असताना एक मिनिट त्याची छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजा. मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला २४ किंवा त्याहून जास्त असतील तर दवाखाना, ३० च्या वर असतील तर लगेच १०८ ला फोन. ओठ निळसर पडले, माणूस बरळायला लागला किंवा सारखा गुंगीत राहिला, तरीही तसंच करा. हे फक्त कोरोनापुरतं नाही. कुठल्याही न्यूमोनियात हेच बघायचं असतं.

औषधांबद्दलही सांगतो. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की डेक्सामेथासोन नावाच्या स्वस्त स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. स्टेरॉइडने साखरही वाढते. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने किती जणांचे डोळे आणि जबडे गेले ते आपण पाहिलं. त्यांतल्या बहुतेकांना मधुमेह होता आणि अनेकांना स्टेरॉइड दिलेलं होतं. म्हणून शेजारणीला गुण आला म्हणून तिचीच गोळी मेडिकलमधून आणून खायची नाही. योग्य औषधसुद्धा योग्य वेळी, डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायचं.

आता परत मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. मावशी, तुमचे मालक नेमके का गेले, हे आम्ही सांगू शकत नाही. हजारो रुग्णांच्या नोंदी बघून धोका कुणाला जास्त ते कळतं, पण एका माणसाचं काय होईल ते त्यातून कळत नाही. साखर असलेली, सत्तरी ओलांडलेली माणसंही आयसीयूतून घरी आली, आणि धडधाकट तरुणही गेले. तेव्हा खाटा मिळत नव्हत्या, ऑक्सिजन मिळत नव्हता, आजार डॉक्टरांनाही नवा होता. तुम्ही त्या दिवसांत जे कळलं, जे जमलं, ते केलंत. त्याचा दोष स्वतःला लावून घेऊ नका.

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं सांगितलं. पण साखर, बीपी आणि खोकला आपल्या घरातच आहेत. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची साखर आणि बीपी सरकारी आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात मोफत तपासतात. आशाताईंना विचारा, त्या सांगतील. उपाशीपोटी साखर १२६ किंवा वर, बीपी १४०/९० किंवा वर आलं, तर पुन्हा तपासून घ्या आणि उपचार सुरू करा. गोळी सुरू झाली की बरं वाटतंय म्हणून मधेच बंद करू नका.

आम्ही आमच्या गटात एक ठरवलंय. हप्त्याच्या वहीत शेवटच्या पानावर प्रत्येकीची साखर, बीपी आणि तपासणीची तारीख लिहायची. घरातल्या माणसांचीही. पहिलं नाव मावशींनी स्वतःचं लिहिलं. आजवर त्यांनी एकदाही साखर तपासली नव्हती. खुरपणी, भाकरी, जनावरं यांतून वेळ कुठे मिळतो, म्हणाल्या. तुमच्या गटाच्या वहीतही एक पान मोकळं असेलच. पुढच्या बैठकीत ते उघडा.