मोबाईलवरचं थापटणं : फ्लॅशकार्ड अ‍ॅप आपल्या हाताला कसं बसवायचं



‘काउंटरवर बसायच्या आधी काय पाठ हवं’ या आपल्या व्हिडिओनंतर तेरहून एका ताईंचा मेसेज आला. ताईंना स्वतःचं कृषी सेवा केंद्र टाकायचंय. सध्या त्या एका नातेवाइकांच्या दुकानात हाताखाली शिकतायत. मेसेज असा होता : ‘सर, तुम्ही सांगितलं म्हणून अँकीड्रॉइड घेतलं. दीडशे कार्डं केली. रोज बसते. अ‍ॅप म्हणतंय सगळं येतंय, पुढची तारीख दोन महिन्यांनी. पण काल एक काका सोयाबीनच्या तणनाशकाला आले आणि मला नावच आठवेना. काकांनी फळीवरच्या एका डब्याकडे बोट दाखवलं, मी काढून दिला. मालकांनी बघितलं म्हणून वाचले.’

त्या डब्यात टू-फोर-डी होतं. ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे औषध ज्वारी, गहू, ऊस अशा पिकांतलं रुंद पानांचं तण मारायला वापरतात. आणि सोयाबीन स्वतःच रुंद पानांचं. तूर, हरभरा, द्राक्ष, सगळे त्याच जातकुळीतले. द्राक्षबागेला तर शेजारच्या रानातून वाऱ्याने आलेले तुषारसुद्धा बाधतात. म्हणजे एक डबा चुकला की शेतकऱ्याचा हंगाम गेला, आणि गावात दुकानाचं नाव गेलं ते वेगळंच.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर ताईंनी स्क्रीन दाखवली. मी म्हटलं, इमाझेथापायरचं कार्ड काढा. (सोयाबीनमधलं नेहमीचं तणनाशक.) त्या कार्डाच्या मेनूत ‘कार्ड इन्फो’ म्हणून एक पान असतं. त्यात तुम्ही कधी, काय उत्तर दिलं आणि किती सेकंदांत दिलं, सगळं लिहिलेलं असतं. तिथे ओळीने दिसलं : इझी, इझी, हार्ड, इझी. वेळ? एक सेकंद, दोन सेकंद. ताई म्हणाल्या, ‘सर, मी इझी दाबलंच नाही कधी!’

बरोबर होतं त्यांचं. दाबलं होतं त्यांच्या अंगठ्याने.

ताईंनी कुठलातरी व्हिडिओ बघून ‘जेश्चर्स’ चालू केले होते, आणि स्क्रीनच्या उजव्या भागावर टॅप केलं की ‘इझी’ असं लावलं होतं. फोन उजव्या हातात धरला की अंगठा नेमका तिथेच टेकतो. कार्ड वाचून व्हायच्या आत उत्तर नोंदलं जायचं. दुसरी गोष्ट, खरंच आठवलं नाही तर त्या ‘हार्ड’ दाबायच्या. का, तर ‘अगेन’ दाबायला जीवावर यायचं. आता हे नीट ऐका, कारण दहातले पाच जण इथे चुकत असतील. हार्ड म्हणजे ‘आठवलं, पण त्रास झाला’. अ‍ॅपच्या हिशोबात ते पास आहे. आठवलं नसेल तर उत्तर एकच, अगेन.

तेरच्या माणसाला हे समजवायला मला फार बोलावं लागलं नाही. गोरोबाकाकांची गोष्ट त्या गावात कोणाला सांगायची? संतमंडळी जमली होती, मुक्ताबाईंनी विचारलं, काका, यातली मडकी कच्ची कोणती, पक्की कोणती? काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर हाणलं. सगळे गप्प राहिले, नामदेव कुरकुरले, आणि मडकं कच्चं ठरलं. आपलं अ‍ॅप म्हणजे ते थापटणं आहे. पण थापटणं बसायच्या आधीच कोणी ‘पक्कं, पक्कं’ ओरडत असेल, तर त्या परीक्षेला काय अर्थ?

इशारे लावायचे कसे

ज्यांना अ‍ॅप नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. अँकी हा प्रोग्राम डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये सुरू केला. अँड्रॉइडवर तो अँकीड्रॉइड या नावाने मिळतो, फुकट आहे, जाहिराती नाहीत. आयफोनवरचं अधिकृत अ‍ॅप मात्र विकत घ्यावं लागतं. विसरायच्या बेतात असताना कार्ड पुन्हा समोर आणायचं, हे त्याचं तत्त्व. एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये आपण कसे विसरतो ते मोजून दाखवलं, त्याच्यावर ही सगळी इमारत उभी आहे.

आता कामाचं. सेटिंग्जमध्ये ‘कंट्रोल्स’ उघडा, ‘इनेबल जेश्चर्स’ चालू करा. नव्या आवृत्त्यांत आधी कृतींची यादी दिसते, म्हणजे अगेन, गुड, अनडू वगैरे. एकेका कृतीवर जाऊन तिला इशारा जोडायचा. जुन्या आवृत्तीत उलटं असतं, इशारा निवडून त्याला कृती द्यायची. काहीही असो, चालू केल्यावर पहिलं काम म्हणजे आधीपासून काय काय जोडलेलं आहे ते बघणं. नको ते काढून टाका.

माझं मत विचाराल तर चार इशारे पुरे. डावीकडे सरकवलं की अगेन. उजवीकडे सरकवलं की गुड. मधोमध टॅप केलं की उत्तर दाखव. आणि अनडूला खाली सरकवणं. हार्ड आणि इझीला इशारा देऊच नका. फार वाटलं तर बटण दाबा, तेवढा विचार तरी होईल. डिलीट आणि सस्पेंड यांना तर चुकूनही इशारा देऊ नका. गिऱ्हाईक आलं म्हणून घाईत फोन खिशात टाकाल आणि कार्ड गायब.

सरकवण्याचा इशारा टॅपपेक्षा मी का पसंत करतो? टॅप नकळत होतो. सरकवायला हात हलवावा लागतो. पण त्यातही एक गंमत आहे. हल्लीच्या फोनमध्ये खाली तीन बटणं नसतात, स्क्रीनच्या कडेवरून आत सरकवलं की ‘बॅक’ होतं. तुम्ही अगदी कडेपासून बोट ओढलंत तर अ‍ॅप तुम्हाला कार्डातून बाहेर टाकेल आणि तुम्ही म्हणाल अ‍ॅप बिघडलं. बिघडलेलं नाही. बोट कार्डाच्या मध्यापासून ओढा.

इशारा लागतच नाही, किंवा जरा स्पर्श झाला की लागतो, असं होत असेल तर तिथेच ‘स्वाइप सेन्सिटिव्हिटी’ आहे, ती कमीजास्त करा. दुकानात हाताला खताची धूळ असते, घाम असतो, काहींच्या फोनवर जाड काच बसवलेली असते. माझ्या फोनवर बसलेला आकडा तुमच्या फोनवर बसेलच असं नाही. ‘नाइन-पॉइंट टच’ नावाचा एक पर्याय दिसेल, त्यात स्क्रीनचे नऊ भाग होतात. बघायला भारी वाटतं. दुकानदाराने त्याच्या वाटेला जाऊ नये. उत्तराची बटणं लपवायचीही सोय आहे, पण पंधरा दिवस बटणं दिसू द्या. इशारा कोणता लागला याची खात्री होऊ दे, मग लपवा.

डेक ऑप्शन्समधले तीन आकडे

खोलातली सेटिंग्ज म्हटलं की लोक घाबरतात किंवा सगळंच बदलून बसतात. तीनच आकड्यांकडे बघा.

पहिला, रोजची नवीन कार्डं. अ‍ॅपमध्ये मुळात २० असतात. कॉलेजच्या पोराला ठीक आहे. तुम्ही पेरणीच्या दिवसांत दुकानात उभे आहात, २० नवी कार्डं रोज घेतलीत तर काही दिवसांत रोजची उजळणी दोनशेच्या घरात जाते. मग एक दिवस राहतो, दुसरा राहतो, साचलेला ढीग बघून अ‍ॅपच उघडावंसं वाटत नाही. ताईंना मी पाच सांगितली. पाच म्हणजे महिन्याला दीडशे. कमी आहेत का?

दुसरा आकडा ‘डिझायर्ड रिटेन्शन’. २०२३ पासून अँकीत एफएसआरएस नावाची नवी पद्धत आली. ती चालू केली की तुम्ही अ‍ॅपला सांगू शकता, मला शंभरातली किती कार्डं आठवली पाहिजेत. मूळ आकडा नव्वद टक्के. तो वाढवला की उजळणी झपाट्याने वाढते, म्हणून सरसकट वाढवू नका. पण हा आकडा प्रत्येक प्रीसेटला वेगळा ठेवता येतो, आणि आपल्या धंद्यात सगळी माहिती सारख्या किमतीची नसते. ताईंच्या तणनाशकांच्या डेकला आम्ही वेगळं प्रीसेट केलं आणि पंच्याण्णव ठेवले. विषारीपणाच्या खुणांनाही तेच. कीटकनाशकाच्या लेबलवर चौकोन असतो ना, त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हे झोपेतून उठवलं तरी यायला हवं. बाकी गोण्यांची वजनं, कंपन्यांची नावं, त्यांना नव्वद खूप झाले.

तिसरा, ‘लीच’. एखादं कार्ड परत परत चुकत असेल तर ठरावीक वेळा चुकल्यावर, मुळात आठ, अ‍ॅप त्याच्यावर खूण करतं किंवा ते बाजूला ठेवतं. खूण करायचा पर्याय ठेवा. आठदा चुकलेलं कार्ड बहुतेक वेळा आपणच वाईट लिहिलेलं असतं. ताईंच्या एका कार्डावर मागच्या बाजूला औषधाचं नाव, पीक, कीड, मात्रा, पाण्याचं प्रमाण, सगळं एकत्र होतं. ते कोणाला पाठ होणार? एका कार्डाला एकच गोष्ट. समोर अळीने खाल्लेल्या तुरीच्या शेंगेचा आपणच काढलेला फोटो, मागे अळीचं नाव. झालं.

आणि मात्रा तर कार्डावर नकोच, असं माझं ठाम मत आहे. मात्रा प्रत्येक वेळी लेबलवर वाचायची, गिऱ्हाइकासमोर, मोठ्याने. कार्डाने तुम्हाला योग्य प्रश्न आठवला पाहिजे : ‘काका, पीक कोणतं? शेजारी कोणाची द्राक्षं आहेत का?’

मागचं पुसायला लागतं

इथे ताईंचा चेहरा पडला. कारण इशारे दुरुस्त केले तरी आधीची खोटी ‘इझी’ तशीच राहतात. कार्डं दोन महिन्यांनीच येणार. उपाय एकच. कार्ड ब्राउझरमध्ये जायचं, तणनाशकांची सगळी कार्डं निवडायची आणि प्रगती ‘रीसेट’ करायची. दोन महिन्यांची मेहनत शून्यावर येताना दिसते. मी म्हटलं, ताई, मडकं कच्चं आहे हे भट्टीजवळ कळलेलं बरं, बाजारात कळण्यापेक्षा. त्यांनी केलं. सगळी दीडशे नाही, फक्त अडतीस. बाकीच्यांसाठी आम्ही एक सोपी युक्ती केली : कार्ड इन्फोत उत्तराची वेळ दोन सेकंदांच्या आत असेल आणि इझी असेल तरच ते कार्ड शून्यावर.

रीसेटच्या आधी बॅकअप घ्यायला विसरू नका. एक्सपोर्ट करून फाइल ड्राइव्हवर किंवा घरच्या दुसऱ्या फोनवर पाठवा. प्ले स्टोअरवरून घेतलेलं अ‍ॅप नव्या फोनमध्ये काढून टाकलं तर कार्डंही त्याच्यासोबत जातात. अँकीवेबचं खातं फुकट आहे, सिंक करत राहा. कधीतरी अ‍ॅप विचारेल, फोनवरचं ठेवू की अँकीवेबवरचं? तेव्हा घाई करायची नाही. ज्या बाजूला नवीन काम आहे ती बाजू निवडायची, दुसरी पुसली जाते.

ताई आता ‘देसी’ अभ्यासक्रमाची चौकशी करतायत. कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी हैदराबादच्या मॅनेज संस्थेने २००३ मध्ये सुरू केलेली एक वर्षाची पदविका. अठ्ठेचाळीस आठवडे, त्यात चाळीस वर्ग आणि आठ शेतभेटी, दुकान चालवत करता येते. प्रत्येक वर्गानंतर त्याच रात्री पाच कार्डं, असं आमचं ठरलंय. परवा त्यांनी कार्ड इन्फोचा स्क्रीनशॉट पाठवला. इमाझेथापायर : अगेन, अगेन, गुड, अगेन, गुड. वेळ नऊ सेकंद, सात सेकंद, सहा.