इंजिनाचं अंतरंग, भाग 7 : फिल्टर ऑइल धरतो कसा, सोडतो कसा

खडकीत बसून इंजिनावर लिहायचं, तर किर्लोस्करांना वगळून चालत नाही. 1946 साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची डिझेल इंजिनं इथून बाहेर पडली आणि विहिरींवरच्या पंपांपासून दवाखान्यांच्या जनरेटरपर्यंत पोचली. जनरेटरचं काम मोठं अवघड असतं. तो दिवसेंदिवस थंड उभा असतो आणि वीज गेली की काही सेकंदांत त्याला सगळा भार उचलावा लागतो. त्या पहिल्या क्षणांत बेअरिंगला ऑइल मिळालं नाही, तर धातूवर धातू घासतो. दाराशी रात्रभर उभ्या असलेल्या आपल्या गाडीवरही रोज सकाळी हीच वेळ येते.

मागच्या भागात आपण ऑइल पंप पाहिला. त्याच्या पुढचा टप्पा फिल्टरचा. फिल्टर ऑइल गाळतो हे सगळ्यांना माहीत असतं. इंजिन बंद असताना तो ऑइल धरूनही ठेवतो, आणि मला त्याचं हे काम गाळण्याइतकंच मोलाचं वाटतं.

पत्र्याचा, आट्यांवर फिरवून बसवायचा फिल्टर हातात घेऊन त्याचं तोंड पाहा. मधोमध आट्यांचं मोठं भोक आणि त्याच्याभोवती छोट्या भोकांचं कडं दिसेल. पंपाकडून आलेलं ऑइल या छोट्या भोकांतून आत शिरतं, घड्या घातलेल्या कागदातून बाहेरून आत गाळलं जातं आणि मधल्या भोकातून इंजिनाच्या गॅलरीत, म्हणजे ऑइलच्या मुख्य वाटेत, जातं. छोट्या भोकांच्या आतल्या बाजूला रबराची एक गोल चकती टेकलेली असते. पंप चालू असताना ऑइल तिला ढकलून आत येतं. पंप थांबला की चकती भोकांवर बसते आणि उलट्या वाटेने इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरकडे निघालेलं ऑइल अडतं.

1923 साली अमेरिकेत स्वीटलँड आणि ग्रीनहाल्घ यांनी मोटारीसाठी पहिला फिल्टर आणला. त्या काळच्या फिल्टरमधून ऑइलचा थोडाच भाग जात असे, त्यामुळे तो रिकामा राहिला तरी इंजिनाचं फार अडत नव्हतं. आज सगळं ऑइल फिल्टरमधूनच पुढे जातं. फिल्टर रिकामा असेल तर आधी तो भरणार, मगच बेअरिंगची पाळी. तोंड खाली ठेवून किंवा आडवा बसवलेला फिल्टर रात्रीतून रिकामा होऊ शकतो, म्हणून तिथे ही चकती हवीच. तोंड वर करून लटकवलेल्या फिल्टरमध्ये ऑइल बहुतांशी आपोआप राहतं.

चकतीचं रबर साधं नायट्राइल असेल, तर उष्णतेने ते हळूहळू कडक होतं. सिलिकॉनचं जास्त काळ मऊ राहतं. चकती निकामी झाली की सकाळी स्टार्ट करताच दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते आणि ऑइलचा दिवा नेहमीपेक्षा उशिरा विझतो. हाच आवाज टायमिंग चेन किंवा टॅपेटचाही असू शकतो. पण इंजिन खोलण्याआधी फिल्टर बदलून पाहावा, खर्च कितीतरी कमी आहे.

काही गाड्यांत डबा नसतो. इंजिनावरच्या घरात नुसता कागदी गाभा बसतो आणि वर टोपण असतं. रांजणगावात बनलेल्या 1.3 लिटर मल्टिजेट डिझेलची रचना अशीच आहे. अशा अनेक इंजिनांत टोपण सैल करून गाभा थोडा उचलला की खालची वाट उघडते आणि घरातलं ऑइल चेंबरमध्ये उतरतं. तिथे घाई करू नये. थोडं थांबलं की गाभा कमी ठिबकत बाहेर येतो.

पत्र्याच्या डब्याला ही सोय नाही. जी चकती इंजिनाला जपते, तीच फिल्टर काढल्यावर त्यातलं काळं ऑइल कोंडून ठेवते. छोट्या गाडीच्या फिल्टरमध्ये पाव लिटरच्या आसपास ऑइल मावतं. डबा उपडा केला तरी सगळं गळत नाही, कारण आत हवा शिरायला वाट नसते. गोडेतेलाच्या डब्याला दोन भोकं का पाडतो, तेच हे. फिल्टरच्या गोल पाठीला एक भोक पाडलं की ऑइल धारेने वाहतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची शिफारस अशी, की इंजिन गरम असतानाच फिल्टर काढावा, भोक पाडावं आणि किमान 12 तास निथळू द्यावा. थंड झाल्यावर ऑइल दाट होतं आणि कागदाच्या घड्यांतच अडकून बसतं.

आपल्याकडे काढलेला फिल्टर बहुधा तसाच भंगाराच्या ढिगात पडतो. पावसात तो गळतो, आणि खडकी-बोपोडीच्या उताराचं पाणी शेवटी मुळा नदीलाच मिळतं. 2016 च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. 1 एप्रिल 2024 पासून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवरही आली आहे. ते शटरिंगच्या प्लेटांना किंवा लाकडाला फासणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

म्हणून पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकना एवढंच सांगा : काढलेल्या फिल्टरला भोक पाडून तो रात्रभर ट्रेमध्ये उपडा ठेवा, आणि ते ऑइल परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्या.