साइड इफेक्टचा माग : रिॲक्ट कंपायलर कोड कसा वाचतो

संकेतस्थळावरील बटणे, याद्या, फॉर्म असे जे जे वापरकर्त्याच्या नजरेसमोर येते ते रचण्यासाठी फेसबुकने २०१३ साली रिॲक्ट ही जावास्क्रिप्टमधील लायब्ररी सर्वांसाठी खुली केली. स्क्रीनच्या प्रत्येक भागाची रचना करणाऱ्या फंक्शनने मिळालेल्या माहितीवरून त्या भागाचे वर्णन तेवढे परत करावे, तीच माहिती दिल्यावर प्रत्येक वेळी तेच वर्णन द्यावे आणि हे करताना बाहेरच्या कशालाही धक्का लावू नये, ही अट तिच्या मुळाशी आहे. उत्तर देण्यापलीकडे फंक्शन बाहेरच्या जगात जो बदल घडवते, त्याला साइड इफेक्ट म्हणतात. जावास्क्रिप्ट ही भाषा मात्र या अटीचे पालन करवून घेत नाही. तिथे कोणतेही फंक्शन हाती आलेल्या कोणत्याही वस्तूत फेरफार करू शकते.

अनेक वर्षे ही अट शिस्तीचा भाग होती आणि ती मोडल्याची किंमत बहुधा किरकोळ असे. परंतु स्क्रीनवर काही बदलले की संबंधित फंक्शने पुन्हा चालतात, आणि हा खर्च वाचवण्यासाठी आधीचे उत्तर जपून ठेवून माहिती तीच असताना ते पुन्हा वापरण्याची युक्ती, म्हणजे मेमोआयझेशन, रूढ झाली. कोणते उत्तर कशावर अवलंबून आहे याची यादी प्रोग्रामरला हाताने लिहावी लागे आणि तीत चुका होत. हे काम आपोआप व्हावे म्हणून सुरू झालेल्या प्रकल्पाचे प्राथमिक रूप २०२१ मध्ये लोकांसमोर आले, तर रिॲक्ट कंपायलर (कंपायलर म्हणजे लिहिलेला कोड वाचून त्याचे नवे रूप तयार करणारा प्रोग्राम) या नावाने त्याची १.० ही आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. जपलेले उत्तर वापरायचे म्हणजे फंक्शनचा तेवढा भाग चालवायचाच नाही; त्या भागात साइड इफेक्ट दडलेला असेल तर प्रोग्रामचे वर्तनच बदलते. त्यामुळे साइड इफेक्ट ओळखणे हा या कंपायलरच्या कामाचा पायाच ठरतो.

पुस्तकविक्रीच्या एखाद्या संकेतस्थळावर दिवाळी अंकाची माहिती दाखवणाऱ्या फंक्शनला ‘अंक’ ही वस्तू मिळते आणि सवलत देण्यासाठी त्यात ‘अंक.किंमत = अंक.किंमत * ०.९’ अशी ओळ लिहिलेली आहे, असे समजू. पहिल्या वेळी ३०० रुपयांचे २७० होतात. पण मूळ वस्तूच बदलल्याने, वापरकर्त्याने शोधाच्या चौकटीत एखादे अक्षर टाकून स्क्रीन पुन्हा रचली गेली की २७० चे २४३ होतात, आणि किंमत अशीच घसरत राहते. कंपायलर कोड न चालवता, केवळ वाचून हा दोष हेरतो, आणि अशा वाचनालाच स्थैतिक विश्लेषण म्हणतात. बाहेरून आलेली माहिती तो ‘गोठलेली’ मानतो आणि तिच्या एखाद्या भागात नवे मूल्य भरणारी ओळ दिसली की चूक दाखवतो.

तीच ओळ ‘क्ष = अंक’ असे लिहून मग ‘क्ष.किंमत’ बदलणारी असेल तर नाव वेगळे आणि वस्तू एकच, अशी स्थिती होते. म्हणून कंपायलर आधी कोडचे रूपांतर प्रत्येक नावाला एकदाच मूल्य मिळेल अशा मांडणीत करतो आणि मग कोणते मूल्य कोणत्या नावात, कोणत्या यादीत शिरले याचा माग काढतो. ही पद्धत कंपायलरशास्त्रात जुनी आहे. मूल्यांच्या अशा प्रवाहाच्या विश्लेषणावर आयआयटी मुंबईतील उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांनी लिहिलेला ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला आहे.

कंपायलरच्या रचनेतील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट म्हणजे स्थानिक बदलाला दिलेली मुभा. फंक्शनने स्वतः रिकामी यादी तयार केली, तीत एकेक ओळ भरली आणि शेवटी ती परत केली, तर बदल झाला खरा, पण तो बाहेर कोणालाही जाणवत नाही. अशा बदलावर सरसकट बंदी घातली असती तर जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी हा कंपायलर स्वीकारलाच नसता. वस्तू निर्माण झाल्यापासून तिच्यातील शेवटच्या बदलापर्यंतचा टप्पा कंपायलर निश्चित करतो आणि ज्यांचे टप्पे एकमेकांत गुंतलेले आहेत अशा वस्तूंचा एकच गट करून त्यांचे उत्तर एकत्र जपतो, कारण अर्धवट भरलेली यादी जपून ठेवणे धोक्याचे असते.

साइड इफेक्ट घडतो कधी, हेही तितकेच महत्त्वाचे असते. सर्व्हरला मागणी पाठवणारे फंक्शन बटण दाबल्यावर चालणार असेल तर ते योग्यच आहे. स्क्रीनची स्थिती बदलणारे फंक्शन मात्र रचना चालू असतानाच बिनशर्त हाक मारून चालवले तर रचनेचे चक्र थांबतच नाही. त्यामुळे आतल्या फंक्शनांची नुसती व्याख्या झाली आहे की त्यांना तिथेच हाकही मारली आहे, हे कंपायलर तपासतो. यादृच्छिक संख्या किंवा चालू वेळ देणारी परिचित फंक्शने रचनेदरम्यान वापरलेली आढळली तर तीही दाखवून देण्याची सोय आहे.

प्रत्येक प्रोग्रामचे वर्तन नुसत्या वाचनाने अचूक सांगू शकेल अशी एकच पद्धत असू शकत नाही, हे हेन्री राइस यांच्या १९५३ च्या प्रमेयाने सिद्ध केले आहे, आणि जावास्क्रिप्टमध्ये मूल्यांच्या प्रकारांची सक्ती नसल्याने अडचण वाढते. अनोळखी फंक्शनला वस्तू दिली की ती बदलता येण्याजोगी असल्यास बदलली जाईल असे कंपायलर गृहीत धरतो, पण गोठलेली असल्यास तिला हात लागणार नाही असा विश्वास ठेवतो. या विश्वासाच्या आड काही दोष निसटतात. नियमभंग उघड दिसला तर कंपायलर त्या एका फंक्शनला हात न लावता बाकीचा कोड सुधारतो. काही लोकप्रिय लायब्ऱ्या वस्तू तीच ठेवून तिच्या पोटातील माहिती बदलतात, आणि त्यांची नावे कंपायलरमध्ये नोंदवून ठेवली आहेत. उरलेल्या अपवादांसाठी प्रोग्रामरला फंक्शनच्या सुरुवातीला ‘यूज नो मेमो’ अशी सूचना लिहून ते वगळता येते, मात्र ही सोय दोष सापडेपर्यंत तात्पुरतीच वापरावी असे कंपायलर घडवणाऱ्यांचे सांगणे आहे.